लाइटरूमचे फोटो जुन्या हार्ड डिस्कवर कॉपी केले तर एडिटिंगपण सोबत जातं का?

नाही जात, नुसतं फोटोंचं फोल्डर कॉपी करून भागत नाही, कारण लाइटरूम क्लासिक (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) मूळ फोटो तसाच ठेवतं आणि एडिटिंग सगळं कॅटलॉगच्या फाईलमध्ये लिहितं, ती पण डिस्कवर घ्या. बंद करताना बॅकअप घेऊ का विचारतंय ना, ते फक्त कॅटलॉगचं, फोटोंचं न्हवं, इथंच निम्मी लोकं फसतात. एक्सएमपी ऑटो सेव्ह, म्हणजे एडिटिंग फोटोसोबतच लिहून ठेवायची सोय, चालू असेल तर सेटिंग्ज फोटोसोबत जातात, पण व्हर्च्युअल कॉपी (एकाच फोटोचं वेगळं एडिटिंग) आणि कलेक्शन (लाइटरूममधले अल्बम) मागंच राहतात.

कोल्हापुरात लग्नाची शूट करतो म्हणून सांगतोय, दोन डिस्क करा आणि दुसरी नदीपासनं लांब, उंचावरच्या पाहुण्यांकडं ठेवा, २०१९ ला पंचगंगेचं पाणी कुठवर आलंतं माहितीय की.