वाचक विचारतात : बानाखताआधी पैसे?

प्रश्न : बडोद्यात वाघोडिया रोडवर ४८ लाखांचा फ्लॅट बघितलाय, पाया अजून खणायचाय. बिल्डर म्हणतो, आत्ता १२ लाख द्या, बानाखत (विक्रीचा करारनामा) नंतर करू. द्यावेत का?
– एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : मुळीच नाही. रेराच्या (स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या) कलम १३ प्रमाणे बानाखत नोंदवण्याआधी १० टक्क्यांपेक्षा, म्हणजे इथे ४ लाख ८० हजारांपेक्षा, जास्त रक्कम घेता येत नाही. नुसतं नोटरी केलेलं चालणार नाही, सब-रजिस्ट्रारकडेच नोंदवा. ताब्याच्या तारखेची जागा कोरी असेल तर सही करू नका. ताबा लांबला, तर कलम १८ खाली व्याजासकट परतावा मागताना हीच तारीख धरतात. 'सुपर बिल्टअप'चे, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरून फुगवलेल्या क्षेत्रफळाचे, आकडे ब्रोशरला शोभतात. दर कार्पेटवर, म्हणजे बाहेरच्या भिंतींच्या आतल्या वापरायच्या क्षेत्रफळावर काढा, त्यात बाल्कनी धरत नाहीत. आणि प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक गुजरात रेराच्या साइटवर आधी तपासा.