वहीतला चौथा रकाना

गेल्या महिन्यात नाशिकहून एका आईंची मेल आली. मुलगा 31 वर्षांचा, इंजिनीअर. तीन वर्षांपूर्वी त्याने नोकरी सोडली आणि आता पुण्यात कॅफे-पबमध्ये गिटार वाजवतो. कर्ज नाही, व्यसन नाही, पण हातात शिल्लकही नाही. ‘हे किती दिवस चालू द्यायचं? विषय काढला की तो गप्प होतो, आणि त्याचं ते गप्प होणं बघवत नाही,’ असं त्यांनी लिहिलं होतं. हा प्रश्न मला आया विचारतात, बायका विचारतात, कधी स्वतः कलाकारच विचारतात. मला तो खऱ्या अर्थाने कळला एका माणसामुळे. त्यांच्याबद्दल आज लिहिते.

मी अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या मेम्फिसला समुपदेशक म्हणून काम करते. हे गृहस्थ दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आले. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय 57. मिसिसिपी डेल्टातल्या कापसाच्या शेतांवर राबलेल्या घरात जन्म. एकटे गिटार घेऊन ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं लोकसंगीत, गाणारे. मागे कुठली कंपनी नाही, मॅनेजर नाही. सीडी स्वतःच काढायच्या आणि गाडीच्या डिकीतून विकायच्या. शुक्रवारी मेम्फिसमध्ये वाजवायचं, शनिवारी हायवे 61 ने सव्वाशे किलोमीटर खाली क्लार्क्सडेलला जायचं. तिथे अजूनही जूक जॉइंट आहेत. बसकी, अंधारी जागा, एका कोपऱ्यात गायक आणि त्याच्या पायाशी टिपची बादली. गोदामातली नोकरी सोडून त्यांना अकरा वर्षं झाली होती.

मनगट दुखतं आणि झोप लागत नाही म्हणून डॉक्टरांनी त्यांना पाठवलं होतं. मी वयाने लहान, तरी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या रीतीप्रमाणे ते मला ‘मॅम’ म्हणायचे. पहिल्याच भेटीत त्यांनी खिशातून एक जाड वही काढून टेबलावर ठेवली. अकरा वर्षांचे कार्यक्रम त्यात होते. तीन रकाने: ठिकाण, मिळकत, पेट्रोल. एका शनिवारची नोंद अशी होती: क्लार्क्सडेल, 43, 22. बोटाने ती ओळ दाखवून ते म्हणाले, “मॅम, माझी किंमत एकवीस डॉलर.”

ज्यांनी हे संगीत ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. ब्लूजच्या कडव्यात पहिली ओळ म्हणतात, तीच पुन्हा म्हणतात, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर देतात. हे गृहस्थ तीन भेटी पहिलीच ओळ म्हणत राहिले. आयुष्य वाया घालवलं. कोणी ओळखत नाही. सोडून द्यावं का? मरणाचे विचार येतात का, हे मी सरळ विचारलं. असा प्रश्न विचारायला कचरू नये, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. ते म्हणाले, “ठरवलेलं काही नाही. रात्री परतताना वाटतं, गाडी नुसती चालत राहावी, घर येऊच नये.” असे विचार वाढले तर काय करायचं, कोणाला फोन करायचा, हे आम्ही कागदावर उतरवलं. अमेरिकेत मानसिक संकटात मदतीसाठी 988 हा नंबर आहे, तो त्यांच्या मोबाइलमध्ये घातला. टिप कमी पडली की मालक दारू पाजून भरपाई करायचे, तेही थांबवलं. झोप त्यानेच बरीच सुधारली.

मग माझ्या हातून एक चूक झाली. धीर द्यावा म्हणून मी मिसिसिपी जॉन हर्ट या ब्लूज गायकाचं उदाहरण दिलं. त्याने 1928 मध्ये ध्वनिमुद्रणं केली, ती फारशी चालली नाहीत आणि तो आपल्या गावी, ॲव्हलॉनला, शेतमजुरी करत राहिला. 1963 मध्ये एका संगीतप्रेमीने त्याला शोधून काढलं, त्याच वर्षी तो न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गायला आणि जगाने त्याला डोक्यावर घेतलं. माझं बोलणं संपेपर्यंत त्यांचा चेहरा कठीण झाला होता.

“पस्तीस वर्षं त्याला कोणी विचारलं नाही,” ते म्हणाले, “आणि 1966 मध्ये तो गेला. तीन वर्षं, मॅम. हे तुम्ही मला धीर द्यायला सांगताय?”

त्यांचं बरोबर होतं. मी माफी मागितली. कलाकाराला ‘एक दिवस तुझंही नाव होईल’ असं सांगणं म्हणजे आजवरचं त्याचं सगळं वाजवणं त्या एका दिवसाकडे गहाण टाकणं. मीही तेच केलं होतं.

पुढच्या भेटीत मी वहीकडेच वळले. विचारलं, “ही वही तुम्ही कोणाला दाखवायला लिहिता?”

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग आईबद्दल सांगू लागले. त्या दर रविवारी चर्चला जाणाऱ्या. दक्षिणेतल्या अनेक श्रद्धाळू घरांत ब्लूज म्हणजे सैतानाचं संगीत मानलं जायचं, त्यांच्याही घरात तसंच होतं. आई मुलाचं गाणं ऐकायला एकदाही आल्या नाहीत. मात्र रविवारी सकाळी स्वयंपाकघरात, पीठ मळता मळता, एवढंच विचारायच्या, “काल किती मिळाले?” त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगा अजून दर शनिवारी रात्री त्यांच्यासाठी उत्तर लिहून ठेवत होता.

हे ऐकताना मला माझी आजी आठवली. बाबा भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. ते घरात पाऊल टाकायचे तोवर आजीचा प्रश्न यायचा, “त्याने चूल पेटते का?” आजीला बाबांची काळजीच होती. या आईंनाही मुलाची काळजीच असणार. पण काळजी नेहमी पैशाच्याच प्रश्नातून आली, की मुलाला त्यात निकाल ऐकू येतो.

मी त्यांना वहीत चौथा रकाना आखायला सांगितलं. त्यात वाजवताना घडलेली एक गोष्ट लिहायची, चांगली किंवा वाईट, पण स्वतःच्या कानांनी ऐकलेली. पैशाबद्दल नाही, मूडबद्दल नाही. पहिले दोन आठवडे नुसती रेघ. तिसऱ्या आठवड्यात नोंद आली, ‘स्लाइड बाराव्या पडद्यावर जरा चढी लागली.’ पडदा म्हणजे गिटारच्या दांडीवरची आडवी पट्टी, आणि चढी म्हणजे सुराच्या जरा वर. स्लाइड म्हणजे बाटलीच्या कापलेल्या गळ्याची नळी. ती बोटात घालून तारांवरून सरकवतात आणि गळ्यासारखी मींड निघते. ही नोंद वाचून मला फार बरं वाटलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या वहीत संगीत आलं होतं.

पाचव्या आठवड्यात लिहिलं होतं, ‘मागच्या टेबलावरच्या म्हातारीने दोन आणि चारवर टाळी धरली.’ अर्थ त्यांनीच समजावला. चार ठोक्यांत बाहेरून आलेले पर्यटक बहुधा पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्यावर टाळी देतात. हे संगीत ज्यांच्या घरचं, ते दुसऱ्या आणि चौथ्यावर देतात. सांगता सांगता ते माझ्या टेबलावर हाताने ठोके देऊ लागले आणि अर्धा तास आम्ही टाळीवरच बोललो. त्या दिवशी एकवीस डॉलरचा विषय निघाला नाही.

पण नुसता चौथा रकाना भरून भागत नाही, हेही मला तितक्याच कळकळीने सांगायचं आहे. पैशाची चिंता खरी होती. आम्ही बसून बेरीज केली. पेट्रोल वजा जाता वर्षाला साडेअकरा हजार डॉलर. आरोग्य विमा नाही. वृद्धांचा सरकारी मेडिकेअर विमा 65 व्या वर्षी, म्हणजे आठ वर्षं लांब. गरिबांसाठीची मेडिकेड योजना टेनेसी राज्याने त्यांच्यासारख्या धडधाकट, मूलबाळ नसलेल्या माणसांपर्यंत वाढवलेली नाही. आणि खाजगी विम्यावरची सरकारी सवलत मिळवायला उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या वर असावं लागतं. त्यांचं खाली होतं. थोडं अधिक कमावलं असतं तर विमा स्वस्तात मिळाला असता. मनगट अकरा महिने दुखत होतं ते यामुळे.

अर्ध्या वेळेची नोकरी हा उपाय समोर दिसत होता, पण त्यांच्या लेखी नोकरी म्हणजे हार. मी या वेळी कोणाचंही उदाहरण दिलं नाही. दोन आठवड्यांनी ते स्वतःच म्हणाले, “फरी लुईस.” फरी लुईस मेम्फिसचा ब्लूज गायक, एक पाय रेल्वेच्या अपघातात गेलेला. विसाच्या दशकात त्याने ध्वनिमुद्रणं केली आणि त्यानंतरही 1966 पर्यंत तो पालिकेसाठी शहराचे रस्ते झाडत राहिला. “त्याचा झाडू कोणी मोजत नाही,” ते म्हणाले. “मग माझाच मी का मोजतो?”

आता ते सकाळ-दुपार शाळेची बस चालवतात. उत्पन्न रेषेच्या वर गेलं, विमा मिळाला. मेम्फिसमध्येच ब्लूज फाउंडेशन आहे. गरजू ब्लूज कलाकारांच्या औषधोपचारासाठी, दातांसाठी त्यांचा मदतनिधी आहे. अर्ज करणं त्यांना भीक मागितल्यासारखं वाटत होतं, म्हणून तो आम्ही शेजारी बसून भरला. शुक्रवार-शनिवार गाणं चालू आहे. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. जानेवारीत कार्यक्रम आटतात, तेव्हा जुनी ओळ परत येते आणि त्यांचा फोन येतो.

नाशिकच्या आईंना मी लिहिलं की मुलाशी पैशाचं बोला, जरूर बोला. विमा आहे का, सहा महिन्यांचं भाडं बाजूला आहे का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. पण त्यासाठी महिन्याचा एक दिवस ठरवा आणि कागद-पेन घेऊन बसा. कार्यक्रमाहून तो दमून आला की दारात विचारू नका. आणि तो वाजवतो तिथे एकदा जाऊन बसा. परत येताना, किती मिळाले, हे विचारू नका. काय ऐकलंत ते सांगा. समजलं नसेल तर तेही सांगा.

परवा त्यांचं उत्तर आलं. शनिवारी पुण्याला जातायत. मुलाचे बाबा म्हणाले आहेत, पुढे नको, मागच्याच टेबलावर बसू.