नवा कॅटॅलिस्ट भरलास? आता घाई नको

रिफायनरीत डिझेलमधलं गंधक हायड्रोजनने काढणाऱ्या रिअ‍ॅक्टरमध्ये भरायचा, ड्रममधून आलेला कोबाल्ट-मॉलिब्डेनम कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) ऑक्साइड रूपात असतो. तसाच तो फारसा कामाचा नाही. गंधक काढायला ठेवलेल्या गड्याला आधी गंधकच पाजावं लागतं, गंमत आहे खरी. सल्फायडिंग म्हणतात ते हेच. बाहेर येणाऱ्या वायूत हायड्रोजन सल्फाइड दिसेपर्यंत बेडचं (कॅटॅलिस्टच्या थराचं) तापमान साधारण २३० अंश सेल्सियसच्या वर नेऊ नकोस. नुसत्या गरम हायड्रोजनात ऑक्साइडचं क्षपण होतं, म्हणजे त्यातला ऑक्सिजन निघून जातो. मग कितीही डीएमडीएस (गंधक पुरवणारा द्रव) सोड, पूर्ण ताकद येत नाही. चार तास वाचवण्याच्या नादात मीही हे एकदा करून बसलोय.

मॉलिब्डेनमच्या जोडीला निकेल की कोबाल्ट, हा वाद नंतरचा. डिझेलमधलं गंधक १० पीपीएमवर (दहा लाखांत दहा भाग) आणताना घोडं अडतं ते ४,६-डायमिथाइल डायबेंझोथायोफीन या गंधकाच्या चिवट संयुगापाशी. गंधकाच्या दोन्ही बाजूंना मिथाइल गट पहारेकऱ्यासारखे उभे असतात. तिथे आधी रिंगमध्ये हायड्रोजन घालणारा निकेल-मॉलिब्डेनम सरस. दाब कमी आणि हायड्रोजन मोजका असेल तर मात्र कोबाल्टच बरा.

वापरलेला कॅटॅलिस्ट उपसायचा तो नायट्रोजनखालीच. हवा लागली की आपसूक पेट घेऊ शकतो.