सतराव्या शतकात आयरिश संतांची चरित्रं कुणी गोळा केली? जॉन कोलगनवर कितपत विसंबावं?

प्रश्नात तुम्ही एकट्या कोलगनचं नाव घेतलंत, म्हणून लिहायला बसले. कोलगनने चरित्रं छापली. आयर्लंडात फिरून गोळा केली ती मिहाल ओ क्लेरीने. हा फरक किरकोळ आहे असं मला कुणी सांगू नये.

दोघेही आयर्लंडातल्या डोनेगॉलचे आणि दोघेही लूवांच्या (आजच्या बेल्जियममधलं शहर) सेंट अँथनी कॉलेजातले फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या कॅथलिक पंथातले. स्कॉटलंडचा विद्वान टॉमस डेम्प्स्टर आयर्लंडचे संत खुशाल आपल्या देशाच्या नावावर लावत होता. त्याला उत्तर द्यायचं तर जुन्या पोथ्या हव्या होत्या, आणि त्या होत्या इंग्रजांच्या ताब्यातल्या आयर्लंडात. याच कॉलेजातल्या ह्यू वॉर्डने हे काम हाती घेतलं होतं. त्याने १६२६ मध्ये ओ क्लेरीला तिकडे धाडलं. ओ क्लेरीला पौरोहित्याची दीक्षा नव्हती, पण त्याचं घराणं ओ'डॉनेल सरदारांच्या पिढीजात इतिहासकारांचं. १६३७ पर्यंत तो गावोगाव फिरला, मिळेल ती पोथी उतरवली आणि ड्राउस नदीकाठच्या फ्रान्सिस्कनांच्या आश्रयस्थानी बसून तिची स्वच्छ प्रत केली. प्रतीखाली तो लिहून ठेवायचा: कुठे उतरवलं, कधी, कुणाच्या पोथीवरून.

आयर्लंडात एम.ए. करताना मला याच नोंदींवर प्रबंध लिहायचा होता. मार्गदर्शकांनी आराखडा पाहिला आणि म्हणाले, ही नकलनविशी आहे, यात विद्वत्ता कुठली? कोलगन घ्या. मी त्यांच्यापुढे ओ क्लेरीच्याच नोंदी ठेवल्या. जुन्या पोथीत जे आहे ते तसंच उतरवायची आज्ञा आहे, मजकुराचा दोष मला देऊ नका, असं तो वाचकाला बजावतो. म्हणजे त्याला स्वतःचं मत होतं, तरी ते त्याने मजकुरात शिरू दिलं नाही. मार्गदर्शक म्हणाले, हे मठातलं आज्ञापालन झालं, याला अभ्यासाची पद्धत म्हणत नाहीत. मी विचारलं, मग पोथीच्या मालकाचं नाव कशासाठी नोंदवलं असेल? त्यावर उत्तर मिळालं नाही. प्रबंधाचं शीर्षक मात्र बदलावं लागलं आणि ओ क्लेरी दुसऱ्या प्रकरणात गेला. अजूनही राग येतो.

आता कोलगनविषयी. वॉर्ड १६३५ मध्ये वारला आणि काम कोलगनकडे आलं. १६४५ च्या खंडात फक्त जानेवारी ते मार्चमध्ये सण येणारे संत आहेत. १६४७ च्या खंडात पॅट्रिक, ब्रिजिड आणि कोलंबा. पुढचं छापून झालंच नाही. युरोपातल्या विद्वानांना वाचता यावं म्हणून त्याने आयरिश मजकूर लॅटिनमध्ये नेला. तेव्हा आयरिश चरित्राच्या शब्दाशब्दावर तुमचा मुद्दा उभा असेल तर एकट्या कोलगनवर विसंबू नका. ओ क्लेरीच्या प्रती ब्रसेल्सच्या राजग्रंथालयात आहेत. इंग्रज अभ्यासक चार्ल्स प्लमरने १९२२ मध्ये मुख्यतः त्यांवरूनच आयरिश चरित्रं इंग्रजी अनुवादासह दोन खंडांत छापली. सुरुवात तिथून करा.

कोलगनवर अन्याय नको, हेही सांगते. त्याच्या टिपा कसून केलेल्या आहेत, आणि त्याच्यासमोर असलेल्या काही पोथ्या आज उरलेल्या नाहीत. तिथे त्याचं छापील पानच आपला आधार. आणि यांतले बरेच संत ज्या काळातले, त्या सहाव्या शतकात प्रत्यक्ष काय घडलं हे शोधत असाल तर दोघेही पुरे पडणार नाहीत. ही चरित्रं बहुतेक संतांच्या मृत्यूनंतर कित्येक शतकांनी रचलेली आहेत. ती रचणाऱ्या मठांना कोणती जमीन, कोणता मान हवा होता, ते मात्र त्यांतून उत्तम कळतं.

लिहिताना संदर्भात नुसतं 'ब्रसेल्स हस्तलिखित' म्हणून सोडू नका. ओ क्लेरीचं नाव घाला, त्याने उतरवल्याची तारीख घाला, आणि त्याने दिलं असेल तर मूळ पोथीवाल्याचंही. परीक्षकाने खोडलं तर पुन्हा लिहा.