'नेव्ह'ला गाभारा म्हणायचं का?

प्रश्न असा आलाय की लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या सेंट जाइल्स चर्चवरचा लेख मराठीत आणताना 'नेव्ह'ला 'गाभारा' म्हटलं तर चालेल का. माझ्या मते मुळीच नको, कारण नेव्ह म्हणजे लोक बसतात तो मधला लांब भाग, म्हणजे आपला सभामंडप, आणि पूर्वेला वेदी असते तो भाग वेगळा, त्याला चॅन्सल म्हणतात.

शब्द किती सुंदर आहे बघा. लॅटिन 'नाविस' म्हणजे जहाज, त्यावरून नेव्ह, आणि हा नाविस आपल्या 'नाव'चा, संस्कृत 'नौ'चा सख्खा नातलग! जर्मन लोक तर आजही या भागाला सरळ 'शिफ', म्हणजे जहाजच म्हणतात. चर्च हे भाविकांना नेणारं जहाज आहे ही ख्रिस्ती लोकांची फार जुनी कल्पना, आणि भवसागर, पैलतीर हे शब्द ज्या भाषेत रोजचे आहेत तिला ती वेगळी समजवावी लागत नाही.

चॅन्सल आला लॅटिन 'कान्सेली'वरून, म्हणजे जाळी, कारण दोन्ही भागांच्या मध्ये जाळीचा आडपडदा असायचा. कॅन्सल करणे हा शब्दही तिथलाच, मजकुरावर जाळीसारख्या रेघा मारून तो खोडायचे. हा फरक नुसता शब्दांचा नव्हता बरं का, इंग्लंडात जुन्या रिवाजाने चॅन्सलची डागडुजी रेक्टरकडे, म्हणजे तिथल्या मुख्य पाद्रीकडे, आणि नेव्हची पॅरिशच्या, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतल्या लोकांकडे असायची. 1818 च्या कायद्याने 10 लाख पौंड मंजूर झाले आणि खूप चर्च उभी राहिली पण त्यातल्या बऱ्याच ठिकाणी चॅन्सल अगदी नावापुरता, मग 1839 मध्ये चर्च कशी बांधावीत याचा अभ्यास करणारी केंब्रिज कॅम्डेन सोसायटी निघाली आणि त्यांनी आग्रहच धरला की चॅन्सल खोल हवा, नेव्हपासून वेगळा दिसायला हवा. त्याच काळात कॅम्बरवेलचं जुनं चर्च 1841 मध्ये जळालं, नवीन 1844 मध्ये पूर्ण झालं, क्रुसाच्या आकाराचं, शिखर 210 फूट. ते जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट आणि मॉफट यांचं काम, आणि मुंबईचा राजाबाई टॉवर ज्याने इकडे न येता डिझाइन केला तोच हा स्कॉट.

मग चॅन्सलला तरी गाभारा म्हणावं का? मला पटत नाही, गाभारा अंधारा आणि छोटा, चॅन्सलमध्ये तर गाणाऱ्यांची अख्खी रांग बसते, त्यापेक्षा चॅन्सलच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'वेदीकडचा भाग' असं सांगा. नेव्हच्या दोन्ही बाजूंच्या आइलना मात्र मी बिनधास्त 'पडवी' म्हणेन, छप्परही बऱ्याचदा तसंच एका बाजूला उतरतं असतं.

आणि डिक्शनरीत नेव्हचा अर्थ 'चाकाचा तुंबा' दिसला तर गोंधळू नका, तो शब्दच निराळा, त्याचं नातं आपल्या 'नाभी'शी आहे, नावेशी नाही.