खेकड्याची दोरी आणि शेजारचा धक्का

वाचक विचारतात

प्रश्न: अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात ॲनापोलिसजवळच्या एका क्रीकमध्ये (छोट्या खाडीत) आम्ही छोटी बोट नांगरून, दोरीला कोंबडीची मान बांधून खेकडे धरत होतो. शेजारच्या खासगी धक्क्याचे मालक बाहेर आले आणि म्हणाले, "हे माझं पाणी आहे, निघा." आम्ही निघालो. पण पाणी खरंच त्यांचं असतं का?

उत्तर: सहसा नसतं. मेरीलँडमध्ये भरतीचं पाणी सरासरी जिथवर चढतं, त्या रेषेच्या वरची जमीन मालकाची. रेषेखालचा तळ आणि त्यावरचं पाणी राज्याचं, म्हणजे सगळ्यांचं. धक्का मात्र पाण्यात उभा असला तरी मालकाचाच: फळ्या, खांब, शिडी, बोट उचलायची लिफ्ट, सगळं. त्याच्या आसपास बोट उभी करायला हरकत नाही. खांबाला दोर अडकवलात किंवा फळीवर पाय ठेवलात, तर मात्र तुम्ही परक्याच्या अंगणात शिरलात.

पण हक्क आहे म्हणून अगदी धक्क्याला चिकटून थांबू नका. मालकाची भीती खरी असते. तुमची दोरी त्याच्या बोटीच्या पंख्यात गुंडाळते, नांगर लिफ्टच्या तारेत अडकतो, वारा फिरला की तुमची बोट त्याच्या बोटीवर आदळते. हे कसं होतं ते बघा. नांगर नीट धरायला पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट दोर सोडावा लागतो. पाणी ६ फूट असेल तर दोर झाला ३० ते ४२ फूट. समजा ३५ फूट सोडला आणि बोट १६ फुटांची आहे. म्हणजे बोटीचं मागचं टोक नांगरापासून जवळजवळ ५० फुटांपर्यंत कुठल्याही दिशेला जाऊ शकतं. धक्क्यापासून २५ फुटांवर नांगर टाकणाऱ्याला सकाळी काहीच वाटत नाही, कारण ओहोटी त्याला धक्क्यापासून दूर ओढत असते. भरती लागली की तोच माणूस थेट धक्क्यावर जातो. अशा वेळी नांगर धक्क्यापासून निदान ७५ फुटांवर असू द्या. प्रवाह पालटायच्या वेळेला दोऱ्या वर घेऊन एकदा जागा तपासा.

मालक दिसले तर आधी हात करा आणि विचारा, "तासभर इथे थांबलो तर चालेल ना? तुम्हाला बोट काढायची आहे का?" विचारलंच पाहिजे असा कायदा नाही, पण या एका वाक्यानं बरीच भांडणं टळतात. ते निघणार असतील तर त्यांनी इंजिन सुरू करायच्या आधी तुमच्या सगळ्या दोऱ्या वर आल्या पाहिजेत. आणि पहाटे हळू बोला. शांत पाण्यावरून आवाज फार लांब जातो आणि या घरांच्या झोपायच्या खोल्या बहुधा पाण्याकडेच असतात.

प्रश्न: मित्राच्या घराला धक्का आहे आणि त्यानं शनिवारी बोलावलंय. आम्ही चौघं आपापले पिंजरे घेऊन जावं का?

उत्तर: नको. मेरीलँडमध्ये पाण्यात ठेवून द्यायचे तारेचे पिंजरे एका मालमत्तेमागे दोनच चालतात; माणसं चार असोत की दहा. ते दोन घरमालकाचे, त्याच्याच नोंदणीवर. पिंजऱ्याच्या प्रत्येक तोंडाला पावणेदोन बाय पावणेपाच इंचांची चौकट लागते. ती असते टेरापिन कासवासाठी. हे कासव हवेवर जगतं. आमिषाच्या वासानं आत शिरलं आणि वर येता आलं नाही, तर बुडून मरतं. चौकटीतून खेकडा आडवा सरकत आत जातो, कासवाची पाठ अडते. मित्राच्या पिंजऱ्याला ती नसेल तर शनिवारी सगळ्यात आधी ती बसवा, खेकडे नंतर.

तुम्ही न्यायचं ते साधं: सुती दोरी, कोंबडीच्या माना, वजनाला एखादा नट आणि लांब दांडीची जाळी. दोरी आणि जाळीला परवाना लागत नाही. विनापरवाना माणशी दिवसाला दोन डझन नर नेता येतात. दोरी ताणली गेली की झटका देऊ नका, चार-चार बोटं ओढा. खेकडा दिसू लागला की जाळी बाजूनं नव्हे, त्याच्या खालून आणा. खांबांना चिकटलेले खेकडे खरवडताना जाळीची कडी लाकडावर घासू नका.

धरलेले खेकडे बादलीभर पाण्यात ठेवू नका. त्यातला प्राणवायू लवकर संपतो, खेकडे मरतात आणि मेलेला खेकडा खायचा नसतो. टोपलीत ठेवा, वर ओलं गोणपाट टाका, टोपली सावलीत ठेवा. कोंबडीची मान धक्क्याच्या फळीवर कापू नका, घरून कापून न्या. निघण्यापूर्वी फळ्यांवर दोन-तीन बादल्या पाणी ओता. कोंबडीची चरबी उन्हात लाकडात मुरली की वास आठवडाभर जात नाही आणि तो सोसतो तुमचा मित्र. सुटलेली दोरी, उरलेल्या माना, सगळं परत घेऊन जा.

प्रश्न: अंड्यांनी भरलेली चिंबोरी (मादी खेकडा) मिळाली तर? आमच्याकडे तिलाच मान.

उत्तर: चेसापीकमध्ये, म्हणजे ॲनापोलिस ज्याच्या काठावर आहे त्या उपसागरात, ती सोडायची. मेरीलँडमध्ये हौशी माणसाला कडक कवचाची कुठलीच मादी नेता येत नाही, भरलेली तर नाहीच. उलटा करून पोट बघा: नराच्या पोटावरची पट्टी बारीक आणि लांब, जाणत्या मादीची रुंद आणि घुमटासारखी, कोवळ्या मादीची त्रिकोणी. मादीच्या नांग्यांची टोकं लाल असतात. नराचं मापही पाठीच्या दोन टोकदार काट्यांमध्ये घ्या: १४ जुलैपर्यंत किमान ५ इंच, १५ जुलैपासून सव्वापाच. मोजपट्टी धक्क्यावरच असू द्या, माप घरी गेल्यावर नको. सोडताना वरून फेकू नका, पाण्याजवळ नेऊन सोडा.

प्रश्न: व्हर्जिनियातही हेच नियम का?

उत्तर: नाही. तिथे खासगी हद्द साधारणपणे ओहोटीच्या रेषेपर्यंत जाते. त्यामुळे ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात जाळी घेऊन उतरण्याआधी त्या घराची परवानगी घ्या.