मैदानावरचे प्रश्न : अपराजित हंगाम

प्रश्न : भाची अमेरिकेत विद्यापीठाकडून फुटबॉल खेळते. तिथल्या फ्लोरिडा स्टेटच्या महिला संघाचा २०२३ चा हंगाम २२-०-१ असा लिहितात. एक सामना जिंकलाच नाही, तरी अपराजित कसा?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तिकडे विजय, पराभव, बरोबरी या क्रमाने आकडे लिहितात. मधला आकडा शून्य म्हणजे हंगाम अपराजित. फ्लोरिडा स्टेटने अंतिम सामन्यात स्टॅनफर्डला ५-१ असं हरवलं होतं. सगळेच सामने जिंकणं ही वेगळी गोष्ट. नॉर्थ कॅरोलिनाच्या मुलींनी २००३ मध्ये ते केलं, २७-०-०. त्याच संघाची सलग ९२ विजयांची मालिका १९९४ मध्ये नोटर डेमने ०-० असं अडवून थांबवली. मालिका तुटली, पण तो पराभव नव्हता.

२०२२ पासून साखळी सामन्यांत जादा वेळ नाही. ९० मिनिटांना बरोबरी, तर बरोबरीच. त्यामुळे अपराजित राहणं थोडं सोपं आणि सगळे सामने जिंकणं अवघड झालंय. बाद फेरीत मात्र १०-१० मिनिटांचे दोन जादा डाव, मग पेनल्टी. पेनल्टीवर हरलेल्या संघाच्या खात्यातही अधिकृत नोंद बरोबरीचीच होते. हंगामभर न हरता करंडकाविना घरी जाणं या नियमाने शक्य आहे, आणि खेळाडूंसाठी याहून क्रूर शेवट नाही.

प्रश्न : गुरुवारी सामना, लगेच रविवारी दुसरा. इतकं खेळून पाय टिकतात कसे?

उत्तर : ऑगस्टअखेरीपासून बहुतेक आठवडे असेच जातात आणि अपराजित संघ बहुधा रविवारच्या शेवटच्या वीस मिनिटांत घसरतो. दमलेल्या पायांची बचावफळी मागे सरकते, मधली फळी जागेवरच राहते आणि मधली मोकळी जागा प्रतिस्पर्ध्याला मिळते.

गुरुवारी साठ मिनिटांहून जास्त खेळलेल्यांनी शुक्रवारी फक्त वीस मिनिटं सायकल किंवा हलकं धावणं करावं. जे कमी खेळले त्यांना मात्र चार विरुद्ध चार असा जोरदार सराव हवाच. तो टाळला, तर महिन्याभरात राखीव फळी सामन्याच्या वेगाला पुरी पडत नाही. शनिवारी पाऊण तास कॉर्नर आणि फ्री किक.

बदलीचे नियम तिकडे वेगळे आहेत. पहिल्या डावात बाहेर गेलेली खेळाडू त्या डावात परतत नाही, दुसऱ्या डावात एकदा परतू शकते. म्हणून तिसाव्या मिनिटाला आघाडीच्या खेळाडूला काढलं, की मध्यंतर धरून तिला अर्धा तास विश्रांती मिळते. विसाव्यालाच काढली तर पंचवीस मिनिटं ती नाही, आणि गोल खाल्ला तरी हात बांधलेले. दुसऱ्या डावात साठाव्याला बाहेर, पंचाहत्तराव्याला आत, हा चांगला हिशेब. परतीची संधी लवकर वापरून टाकू नये.

प्रश्न : आघाडीवर असताना शेवटी बदल्या करून वेळ काढता येतो का?

उत्तर : नाही. तिथलं घड्याळ ४५ मिनिटांवरून उलटं शून्याकडे जातं, आणि सामन्याच्या शेवटी आघाडीवरच्या संघाने बदली केली की ते थांबवतात. चेंडू कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी नेऊन अंगाआड ठेवावा, तिथे थ्रो-इन किंवा कॉर्नर कमवावा. रेंगाळून पिवळं कार्ड ओढवून घेऊ नये. पाचव्या पिवळ्या कार्डाला पुढचा सामना बुडतो.